सरांच्या फोनवरून आलेली पत्रिका

तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणते आणि विषय बदलते. पूर्ण उत्तर दिलं की दोनच गोष्टी होतात. एक तर समोरचा आपला फोन पाठीमागे लपवतो, किंवा आवाज खाली आणून विचारतो, "मग सुनेचं व्हॉट्सॲप बघता येतं का हो?" दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त भेटतात.

पूर्ण उत्तर असं. गंगापूर रोडवर एक इमारत आहे. खाली केकचं दुकान, वर दातांचा दवाखाना आणि मधल्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवतो. दवाखाने, द्राक्षं परदेशी पाठवणारे, शाळा, खतांचे दुकानदार अशी आमची गिऱ्हाइकं. त्यांच्या मशीनवर काही वावगं घडलं की आमच्या पडद्यावर लाल ओळ येते. लाल ओळी दिवसभर येतच असतात. त्यातली खरी कोणती एवढं ओळखायचं, त्याचा मला पगार मिळतो. बहुतेक ओळी खोट्या निघतात. कोणीतरी सुट्टीवरून आलेला असतो आणि पासवर्ड विसरून बसलेला असतो.

पासवर्डवरून आठवलं. कळवणला आमचे एक खतविक्रेते आहेत. त्यांच्या दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना, बिलाच्या मशीनला आणि घरच्या वायफायला एकच पासवर्ड होता. देवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मी म्हटलं, "दादा, हा कोणीही ओळखेल." ते शांतपणे अहिराणीत म्हणाले, "ताई, देवीनं नाव शे. कोन हात लावी?" यावर आमच्या पुस्तकात उत्तर नाही. देवीवर अविश्वास दाखवून गिऱ्हाईक घालवायचं नव्हतं, म्हणून मी तडजोड सुचवली. देवीचं नाव राहू द्या, त्याला तुमच्या बैलाचं नाव जोडा, आणि ज्या भाऊबंदाशी तुमचं बोलणं नाही त्याच्या गावाचं नाव शेवटी घाला. त्यांना कल्पना फार आवडली. इतकी, की त्यांनी नवा पासवर्ड तिथल्या तिथे मोठ्यानं म्हणून दाखवला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. भाऊबंदही तिथेच होता.

तर अशी ही नोकरी. ती मी फुकटात शिकले. हे मी अभिमानानं सांगते, कारण पैसे देऊन शिकायला गेलेच होते. कॉलेज रोडला काचेच्या दाराचा एक क्लास होता. तिथल्या टायवाल्या मुलानं फी सांगितली आणि मी पाणी मागितलं. त्यानं पाण्याऐवजी चहा मागवला आणि हप्त्यांची सोय समजावून सांगितली. चहा चांगला होता.

त्याआधी मी एका छापखान्यात कंपोझिंग करत होते. लग्नपत्रिका, मुख्यतः. कितीतरी लग्नसराया मी नाशिक जिल्ह्याची लग्नं टाइप केली. पत्रिकेच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. पत्रिका म्हणजे आमंत्रण नव्हे, ती हजेरी असते. तारीख चुकली तर लोक फोन करून विचारतात. पण सख्ख्या काकाचं नाव चुलत काकाच्या खाली गेलं तर पूर्ण गठ्ठा परत येतो. आलेली पत्रिका हातात घेतली की माणूस आधी नवरा-नवरी बघत नाही, आपलं नाव बघतो. मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं नाव बघतो. वेळ उरला तर मुहूर्त.

पुढे लोक पत्रिका फोनवरच पाठवू लागले आणि छापखाना बंद पडला. मालकांनी मला माझा कॉम्प्युटर भेट दिला. भंगारवाल्यानं फक्त पडद्यात रस दाखवला होता, पण मालकांनी तसं बोलून दाखवलं नाही. त्याच सुमाराला माझ्या नणंदेला कोणीतरी बँकेच्या नावानं फोन करून फसवलं. तेव्हा मला प्रश्न पडला, की हे चोर इतकं शिकतात कुठे? शोधलं तर कळलं, ते फुकट शिकतात. मग आपण का नाही?

नव्यानं शिकू पाहणाऱ्यांसाठी सांगते. इंटरनेटवर सगळं फुकट आहे. फक्त कशानंतर काय, हे कोणी सांगत नाही. मी सगळ्यांसारखी शेवटापासून सुरुवात केली. हॅकर लोक वापरतात ती फुकटची लिनक्स सिस्टीम चढवली. काळा पडदा आला. मी त्याच्याकडे बघत बसले. तोही माझ्याकडे बघत बसला. एका परदेशी फोरमवर मी विचारलं, आता काय करू? उत्तर आलं, आधी एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलतो कसा, ते शिका आणि मग लोकांचा वेळ खा. उत्तर अपमानाचं होतं, पण बरोबर होतं. ते मी कागदावर लिहून मीठ-मसाल्याच्या फळीला चिकटवलं.

इंग्रजी माझं कंपोझिंगपुरतं. म्हणजे अक्षरं सगळी ओळखीची, अर्थाशी संबंध नाही. तर एकेक व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचा, असं चाललं. सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली मशीनं फुकट मिळतात. ती आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात चालवायची आणि फोडायला शिकायची. दुसऱ्याच्या मशीनला न विचारता हात लावायचा नाही, हा पहिला धडा. तो मोडला तर पुढच्या राहण्याजेवणाची सोय सरकार करतं. माझ्या छापखान्याच्या कॉम्प्युटरला मात्र पोटात दुसरा कॉम्प्युटर झेपत नव्हता. तो सुरू करून मी भाताचा कुकर लावायचे. कुकर आधी व्हायचा.

आमच्या कॉलनीत बुद्धविहार आहे आणि विहाराच्या मागे एक खोली आहे. एका कंपनीनं तिथे वापरलेले पण चांगले कॉम्प्युटर भेट दिले होते. फीत कापली, फोटो काढले, कॉम्प्युटरांवर चादरी घातल्या आणि खोलीला कुलूप लावलं. पण दुर्लक्ष झालं असं म्हणता येणार नाही. दर पौर्णिमेला चादरी धुतल्या जायच्या.

चावी गायकवाड सरांकडे होती. सर विहार समितीचे अध्यक्ष. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. कॉलनीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि ती अजूनही सर दिसले की विडी मुठीत धरतात. मी चावी मागायला गेले.

"कशाला हवी?"

"शिकायला, सर."

"काय?"

"सायबर सुरक्षा."

"ह्या वयात?"

"हो."

"बरं. चपला बाहेर काढायच्या."

पहिले काही दिवस सर दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. राखणीला. मग एकदा पेपरामागून आवाज आला, "फायरवॉल म्हणजे काय? एका वाक्यात सांग." मी पाच वाक्यांत सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे तुला कळलेलं नाही." मी घरी गेले, रात्रीच्या भाकऱ्या थापताना विचार केला आणि दुसऱ्या दिवशी एका वाक्यात सांगितलं. "कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, हे ठरवून दारावर बसवलेला पहारेकरी." सरांनी पान उलटलं. त्यानंतर रोज एक शब्द. सरांना विषय येत नव्हता. मला फुकटात मिळालेला शिक्षक असा एकच, आणि पुढे मुलाखतीत मी जी उत्तरं दिली ती सगळी त्यांनीच घासूनपुसून घेतलेली होती. हळूहळू कॉलनीतल्या मुलीही येऊ लागल्या. चादरी घडी करून कपाटात गेल्या आणि चावी माझ्याकडेच राहू लागली.

हे सगळ्यांनाच रुचलं असं नाही. समितीचे उपाध्यक्ष काशिनाथ पगारे, आम्ही त्यांना पगारे भाऊ म्हणतो, त्यांनी सरांना विचारलं, "सर, विहारात हॅकिंग शिकवायलेत. उद्या पोलीस आले तर?" सर म्हणाले, "आले तर चपला बाहेर काढायला सांग."

आता त्या शनिवारचं सांगते. नोकरी अजून लागायची होती.

दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर आणि शिवाय प्रत्येकाला वेगळा, असा सरांच्या नंबरवरून मेसेज आला. वर गणपतीचं चित्र, खाली शुभविवाह, त्याखाली "सहकुटुंब येण्याचे करावे" आणि मग पत्रिकेची फाईल.

बाहेरच्यांसाठी इथे थांबून सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमच्या पत्रिकेवर बुद्धाची प्रतिमा असते, मजकुरात मंगल परिणय असतं. गणपती असायचं काही कारणच नाही. त्यातून सर म्हणजे या बाबतीत कडक. पत्रिकेत तिथी लिहिली तरी लाल पेनानं खूण करून परत पाठवणारे. तेव्हा सरांनी पाठवलेल्या पत्रिकेवर गणपती, ही गोष्ट बघून कॉलनीतल्या प्रत्येक शहाण्या माणसानं ओळखायला हवं होतं की काहीतरी घोटाळा आहे.

आणि ओळखलंच. घोटाळा असा ओळखला, की सरांचा धाकटा मुलगा बंगळुरूला असतो, अजून लग्नाचा आहे, आणि त्यानं तिकडेच बाहेर कुठेतरी जमवलेलं दिसतंय. व्याही पत्रिका काढून मोकळे झाले आणि सरांना मान खाली घालून ती पाठवावी लागली. इतकी मोठी बातमी फाईलमध्ये बंद असताना ती न उघडण्याइतकं वैराग्य आमच्या कॉलनीत कोणाकडे नव्हतं. चोर कुठे बसला होता कोणास ठाऊक. आमच्यातलं कोण काय पूजतं, याचा त्याला पत्ताही नसणार. त्यानं सरसकट एक चित्र टाकलं होतं, आणि त्या चुकीच्या चित्रामुळेच त्याचं काम फत्ते झालं. माणसाला दार उघडायला लावणं, याला आमच्या धंद्यात सोशल इंजिनिअरिंग असं भारदस्त नाव आहे.

मी का नाही उघडली? शिकले म्हणून, असं म्हणायला आवडलं असतं. खरं कारण कंपोझिंगचं. मजकुरात नवरा-नवरीची नावंच नव्हती. नावं नसलेली पत्रिका मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. म्हणून फाईलचं शेपूट बघितलं. तिथे एपीके होतं. म्हणजे ती फाईल पत्रिका नव्हतीच, ॲप होतं. फोटो बघितला की संबंध संपतो. ॲप फोनमध्ये राहायला येतं. आल्यावर ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण पत्रिकेच्या घाईत ती देतो, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. सरांचं व्हॉट्सॲपही त्यानं असंच मेसेजचा कोड वाचून काबीज केलं होतं.

मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं. सरांचा फोन चोराच्या ताब्यात आहे, फाईल उघडू नका, ज्यांनी उघडली असेल त्यांनी मला लगेच सांगा, लाजू नका.

मेसेज सगळ्यांनी वाचला.  मग आमच्या समोर राहणाऱ्या कमलमावशींनी लिहिलं, "मी नाही उघडली." त्यापाठोपाठ "मी पण नाही", "आम्ही असलं काही उघडत नाही", "जय भीम, नाही उघडली" अशी रांगच लागली. एवढी संयमी वस्ती अख्ख्या नाशकात नसेल. वास्तविक तासाभरापूर्वीच कमलमावशींनी मला गॅलरीतून विचारलं होतं, "सरांची पत्रिका उघडती का गं तुझ्याकडं? माझ्याकडं नुसतं पांढरं येतंय."

मग पगारे भाऊंनी लिहिलं, "सुजाता, सरांचा फोन गेला हे तुला इतक्या लवकर कसं कळलं?"

पुढच्याच मिनिटाला कोणालातरी आठवलं की परवाच सरांचा फोन माझ्या हातात होता. खरं होतं. सरांना अक्षरं दिसत नव्हती, ती मी मोठी करून दिली होती. एवढंच केलं होतं. पण हॅकिंग शिकणारी बाई, सरांचा फोन आणि मग ही पत्रिका, असं तीन ठिपके मांडले की रेघ कोणीही ओढतं. "चोराच्या उलट्या बोंबा" असंही एकानं लिहिलं आणि मग पुसलं. पगारे भाऊंनी समारोप केला. उद्या रविवारी वंदनेनंतर मीटिंग, सुजाताने खोलीची चावी घेऊन यावे.

मला रडू आलं. हे लिहायला कमीपणा वाटत नाही. ती खोली गेली असती तर माझं शिकणं संपलं असतं, मुलींचं संपलं असतं, आणि कॉलनीत जन्मभर माझं नाव चोर म्हणून राहिलं असतं. त्याहून वाईट म्हणजे त्या घटकेला घराघरांतल्या फोनमध्ये ते ॲप बसून मेसेज वाचत होतं आणि ते काढता येणाऱ्या एकटीच्या हातात फोन द्यायला कोणी तयार नव्हतं. मी कमलमावशींचं दार वाजवलं. त्यांनी ते अर्धं उघडलं, म्हणाल्या, "माझा फोन चार्जिंगला हाय," आणि लावून घेतलं.

माझं म्हणणं लोकांनी ऐकावं असं घडवू शकणारा माणूस एकच होता. मी सरांकडे गेले.

सर खुर्चीत बसले होते. फोन टेबलावर पालथा होता.

"सर, तुमच्या फोनवर कोणाची काही फाईल आली होती का?"

"नाही."

"तुम्ही काही उघडलं?"

"मी असल्या गोष्टी उघडत नाही."

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, फोन माझ्या हातात दिला. सगळं समोर होतं. सकाळी दिलीपच्या नंबरवरून आलेली तशीच पत्रिका. दिलीप सरांचा जुना विद्यार्थी, पुण्याला असतो. खाली उतरवलेलं ॲप. ते उतरवताना फोन विचारतो, हे धोक्याचं असू शकतं, तरी घेऊ का? अक्षरं मीच मोठी केली होती, त्यामुळे सूचना पडदाभर आली असणार. तरी हो दाबलेलं होतं. त्या पडद्याचा एक फोटो काढून ग्रुपवर टाकला असता तर माझी तिथल्या तिथे सुटका होती. टाकावासा वाटलाही. पण सर खिडकीबाहेर बघत होते, आणि खिडकीबाहेर शेजारच्यांच्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

मी फोनचं इंटरनेट बंद केलं, ॲप काढून टाकलं आणि काकूंच्या फोनवरून बँकेला कळवलं. मग विचारलं, "सर, पत्रिकेत काय होतं?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उघडलीच नाही गं ती. पांढरा पडदा यायचा. पुन्हा पुन्हा दाबलं." सरांनी काकूंकडे बघितलं. "दिलीपला दहावीच्या वर्षी आमच्या घरी ठेवून घेतला होता. हिच्या हातचं जेवायचा. म्हटलं, आशीर्वादात माझं नाव घातलं असेल. घातलंय का नाही, तेच कळेना."

मी पत्रिका जुळवल्यात. नाव शोधणारा माणूस मला नवा नव्हता. पण सरांना तसं बघणं मला फार जड गेलं.

"सर, ही पत्रिका दिलीपची नाहीच. त्याचाही फोन असाच गेलाय. त्यानं काही पाठवलेलं नाही."

सरांनी हे नीट तपासून घेतलं. "म्हणजे नाव गाळलेलं नाही."

"नाही, सर."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी काकूंकडे चहा मागितला.

चहा पिताना मी म्हटलं, "उद्या हे तुम्ही सगळ्यांना सांगाल का?"

सरांचा कप बशीत वाजला. "काय सांगू? गायकवाड सर पत्रिकेत आपलं नाव शोधत होते म्हणून?"

मी कप खाली ठेवला. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "नाही सांगितलं तर काय होईल? एका वाक्यात सांग."

"कोणी फोन देणार नाही, आणि चोर सगळ्यांचे मेसेज वाचत बसेल."

"बरं," सर म्हणाले. बरं म्हणजे सांगतो की नाही सांगत, ते काही कळलं नाही.

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली. पगारे भाऊ पुढे आले आणि म्हणाले, "विषय सर्वांना माहिती हाय. कोणावर आरोप नाय. पण चावी आधी समितीकडं यावी." मी उठून चावी टेबलावर ठेवली. ती ठेवताना कोणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळे चावीकडे बघत होते.

सर उठले. माइकनं शिट्टी मारली, त्यांनी तो बाजूला ठेवला. त्यांना त्याची कधीच गरज पडली नाही.

"काशिनाथ, बस खाली. सुजातानं काही केलेलं नाही. मला पत्रिका आली, ती मी उघडली. फोननं विचारलं, धोका आहे, घेऊ का? मी हो म्हटलं. अक्षरं चांगली मोठी होती, दिसलं नाही ही सबब नाही. का उघडली? तर माझ्या विद्यार्थ्यानं माझं नाव घातलंय का, ते बघायला."

कोणी हसलं नाही.

"काल दिवसभर मी गप्प बसलो आणि ह्या मुलीला बोलणी खाऊ दिली. आता तुम्ही सगळे गप्प आहात. तुम्हाला हे मीच शिकवलंय. इथली निम्मी माणसं माझ्या वर्गात होती. जो उठून म्हणायचा, सर, माझं चुकलं, त्याला मी तास संपेपर्यंत उभा ठेवायचो. जो गप्प बसायचा तो वाचायचा. तुम्ही हुशार होतात, लवकर शिकलात." सरांनी टेबलाची कड धरली. "आता मी उभा आहे. तुम्ही बसून सांगा. कोणी कोणी उघडली?"

 सर उभेच होते. त्यांचे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यांना वंदनेलासुद्धा खुर्ची लागते. काकूंनी खुर्ची पुढे सरकवली, ती त्यांनी हातानं मागे लोटली.

पहिली हालचाल पगारे भाऊंनी केली. सवयीनं ते उठायला लागले.

"बसून, काशिनाथ."

ते बसले. मान खाली घालून त्यांनी हात वर केला. "सर, मी."

"का उघडली?"

"गणपती दिसला म्हणून."

"मी पण," कमलमावशी म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीसारखा मुठीत धरलेला फोन त्यांनी माझ्या मांडीवर आणून ठेवला. मग हात वर येतच राहिले. शेवटी कोणी उघडली नाही हे विचारणं सोपं पडलं असतं. सर मात्र शेवटचा फोन माझ्यासमोर येईपर्यंत बसले नाहीत.

एका घरच्या बँक खात्यातलं जायचं ते आदल्या संध्याकाळीच गेलं होतं. ते परत आलं नाही. त्या घरच्यांनी माझा मेसेज वेळेवर वाचला होता. सांगायची लाज वाटली, एवढंच. ही गोष्ट मला अजून खुपते. बाकीच्यांचे फोन दुपारपर्यंत साफ झाले. पगारे भाऊंनी आपला फोन देताना सांगितलं, "सगळं बघ, पण तो मित्रांचा ग्रुप उघडू नको." चावी टेबलावरच होती. जाताना त्यांनी ती उचलली आणि काही न बोलता माझ्या पिशवीत टाकली.

आता ऑफिसात फोन येतो. बोलणारा एखाद्या दवाखान्याचा हिशेबनीस असतो किंवा शाळेतली बाई असते. आवाज हळू असतो. "मॅडम, सहज विचारते हं, समजा एखाद्यानं एखादी फाईल उघडली..." आमच्या ऑफिसच्या नियमाप्रमाणे मी आधी मशीनचा नंबर विचारायला हवा, मग वेळ, मग काय दाबलं ते. ते सगळं मी विचारते, पण नंतर. आधी मी म्हणते, "बसा. बसून सांगा."

फोनवर समोरचा बहुधा बसलेलाच असतो. तरी मी म्हणते.